झोपाळ्याचा नंबर

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला होता. परसात करायच्या कामांची यादी, एकाखाली एक, १ ते ९. निळ्या शाईत, पट्टीनं रेघा मारून. एका सकाळी दार ओढताना सहज नजर गेली, तर शेवटच्या ओळीतला आकडा खोडलेला दिसला. शाई खोडरबरानं जात नाही, तरी कुणीतरी जोर लावून लावून घासलं होतं. कागदाचा तिथला पापुद्रा निघून मऊ लव वर आली होती आणि त्या लवेवर पेन्सिलीनं, जरासा तिरका, १ काढला होता. ओळ होती 'झोपाळा'. वरच्या पहिल्या ओळीतल्या १ ला मात्र हात लावला नव्हता. म्हणजे यादीत आता दोन एक होते. तिला माझं काम मागं ढकलायचं नव्हतं, फक्त स्वतःचं पुढं आणायचं होतं.

लेक तेव्हा सहा वर्षांची होती. मी तिला काही विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही.

दिवसभर तो तिरका आकडा डोळ्यांपुढून हलेना. कारण तो ९ मी उगाच दिलेला नव्हता, त्यामागं महिनाभराचा विचार होता. आमचं परस म्हणजे १८ मीटर लांब, ११ मीटर रुंद जमिनीचा तुकडा. मागच्या डाव्या कोपऱ्यात एक जुनं, पसरलेलं झाड. आणि सगळ्या जमिनीचा उतार घराकडे. घर घेताना आम्ही खोल्या पाहिल्या, खिडक्या पाहिल्या, झाड पाहून तर हरखूनच गेलो. जमीन कुणीकडे कलते आहे हे काही पाहिलं नाही. पहिल्याच जोराच्या पावसात मध्यरात्री मागचं दार उघडलं, तर बॅटरीच्या उजेडात उंबऱ्याखाली चार बोटांवर पाणी उभं होतं आणि त्यावर पाचोळा संथपणे गोल फिरत होता. महिन्याभरात आतल्या भिंतीला खालून ओल चढली, रंगाचे पोपडे सुटले, आणि त्या खोलीला बरीच वर्षं न उघडलेल्या पेटीसारखा वास यायला लागला.

परसाबद्दल घरात प्रत्येकाचं आपापलं स्वप्न होतं. नवऱ्याला अवजारांची खोली हवी होती, मला संध्याकाळी बसायला ओटा, पायवाट आणि भाजीचे वाफे. लेकीला झोपाळा. एवढंच, दुसरं काही नाही. ही स्वप्नं एकेक करून पुरी करत जावं, असं कुणालाही वाटेल. पण मी तसं करणार नव्हते. ते कसं दिसतं हे मी लहानपणी पुरेपूर पाहिलं होतं.

मी ज्या परसात वाढले ते अप्पांनी बांधलं. खरं तर ते आयुष्यभर बांधतच राहिले. जेव्हा जे हवंसं वाटलं, जेव्हा हाताला सवड मिळाली, तेव्हा ते झालं. आधी बसायला ओटा झाला. मग न्हाणी झाली, तिचं सांडपाणी न्यायला ओट्याच्या मधोमध चर फोडावा लागला. ओटा बुजवून झाला, तर दोन वर्षांनी पाण्याची नवी टाकी आली आणि तिचा पाइप पायवाटेखालून न्यायचा राहून गेला होता. पायवाट फुटली. दिव्याची वायर भिंतीवरून उघडीच लोंबत राहिली, कारण आता तिसऱ्यांदा खणायला अप्पांचं मन धजेना. शाळेतून येताना कोपऱ्यावरच छिन्नीचा आवाज कानावर यायचा आणि मला कळायचं, आज काहीतरी फुटतंय. नव्या सिमेंटचा करडा रंग जुन्यात कधी मिसळत नाही. आमच्या अंगणात आठ-दहा करड्या छटांची ठिगळं होती. मी त्यांवरून लंगडी घालत असे आणि कुठलं ठिगळ कशासाठी पडलं हे मला तोंडपाठ होतं.

'आज बांधायचं आणि उद्या फोडायचं,' आई म्हणायची.

अप्पा गप्प राहायचे, घमेलं उचलायचे. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मला तेव्हा राग यायचा. आपल्या घरी असं होऊ द्यायचं नाही, जे बांधायचं ते एकदाच बांधायचं, अशी गाठ मी तेव्हाच मारली होती. दारावरचा कागद ही ती गाठ होती.

यादी पुरी करायच्या आधी मी एका जुन्या जाणत्या मिस्त्रींना बोलावलं. मी उत्साहानं सांगत होते, इथं ओटा, इथून अशी वळत जाणारी पायवाट, तिकडे वाफे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'ताई, पाणी कुठं जाणार?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी पिशवीतून पारदर्शक नळीचं वेटोळं काढलं, पाणी भरलं, आतले बुडबुडे बोटांनी टिचक्या मारून एकेक वर काढले. एक टोक घराच्या भिंतीशी, दुसरं परसाच्या शेवटाला. दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीत येतं, मध्ये कितीही चढउतार असोत. इतकं साधं आणि इतकं अचूक दुसरं मोजमाप मला माहीत नाही. शेवटाकडचं टोक धरायला लेक धावली. तिनं नळीच्या तोंडावर घट्ट अंगठा दाबून धरला होता, पाणी सांडू नये म्हणून. मिस्त्री लांबून म्हणाले, 'अंगठा काढ, बाळ. अंगठा ठेवला की पाणी खोटं बोलतं.' तिनं अंगठा काढला. नळीतलं पाणी थरथरलं, खालीवर झालं आणि थांबलं. मागची बाजू घरापेक्षा २२ सेंटिमीटर उंच निघाली.

मग हिशेब सुरू झाला. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. आमच्या छपराचा परसाकडे उतरणारा भाग ४५ चौरस मीटरचा. एका रात्रीत ४० मिलिमीटर पाऊस झाला, तर नुसत्या पागोळ्यांचं १,८०० लिटर पाणी भिंतीच्या पायाशी येऊन पडणार, शिवाय उतारावरून वाहत येणारं वेगळंच. घरापासूनच्या पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन बाहेरच्या बाजूला निदान १५ सेंटिमीटर उतरती हवी. आमची उलट चढत होती. म्हणजे आधी माती काढायची, घरापासून दूर एक उथळ चर धरायचा, त्या चरातलं पाणी जाळीतून पाइपात घ्यायचं आणि पाइप तिरका नेऊन मागच्या उजव्या कोपऱ्यातल्या शोषखड्ड्यात सोडायचा. पाइपाला दर मीटरला १ सेंटिमीटर उतार. जमीन वर चढत जाणार आणि पाइप खाली उतरत जाणार, त्यामुळं शेवटाकडे तो जवळजवळ माझ्या कमरेएवढा खोल जाणार. हे काम पहिलं. यात हौसेचं काहीच नव्हतं, आणि पूर्ण झाल्यावर दिसणारही काही नव्हतं.

जे झाकलं जाणार ते आधी, हे तत्त्व बोलायला सोपं आहे. पण मन नेमकं उलट धावतं. आपल्याला आधी ओटा दिसतो, ओट्यावर टेकलेली संध्याकाळ दिसते. मातीखालचा पाइप काही स्वप्नात येत नाही. मी यादी लिहीत गेले तेव्हा प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारत होते, याच्यावरून किंवा याच्या खालून पुढं काय जाणार आहे? पायवाटेवरून माती वाहून नेणारा जेसीबी जाणार असेल, तर पायवाट त्याच्या आधी करून चालणार नाही. जेसीबी आत यायला तीन मीटर मोकळी वाट लागणार, म्हणून कुंपणाचा एक गाळा शेवटपर्यंत उघडा ठेवायचा. चर बुजवताना माती १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत टाकायची, पाणी मारायचं, धुम्मस करायची, मग पुढचा थर. घाई करून एकदमच लोटली, तर खणलेली माती फुगून आधी वर ढीग करते आणि पाऊस पडला की खाली बसते. तिच्यावर केलेली पायवाटही तिच्याबरोबर बसते. म्हणून चर बुजवल्यावर एक अख्खा पावसाळा जाऊ द्यायचा असं मी ठरवलं. अप्पांनी कुठल्याही बुजवलेल्या चराला पावसाळा जाऊ दिला नव्हता.

झाडाचा विचार वेगळाच करावा लागला. झाडाची मुळं फांद्यांएवढीच खोल आरशासारखी खाली गेलेली असतात, असं मला वाटायचं. तसं नसतं. पाणी पिणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर पसरलेली असतात. त्यांच्यावर दोन-चार वेळा यंत्र फिरलं तरी माती दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि झाड लगेच काही म्हणत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंडे वाळायला लागतात, तोवर कारण कुणाच्या लक्षातही नसतं. बुंध्याभोवती मातीची भर घातली तरी तेच. म्हणून यादी सुरू व्हायच्याही आधी आम्ही झाडाभोवती दोरी बांधली. फांद्यांची सावली जिथं संपते तिथून दोन पावलं बाहेर, खुंट्या ठोकून. दोरीच्या आत यंत्र नाही, खडी नाही, मातीचा ढीग नाही. वरची १५ सेंटिमीटर काळी, जिवंत माती आधी सोलून दुसऱ्या बाजूला ठेवली, फार उंच ढीग न करता, म्हणजे तिचा श्वास कोंडू नये. पुढं वाफ्यांसाठी ती हवी होती. लेकीनं त्या ढिगाला पहिल्याच दिवशी डोंगर म्हणून ताब्यात घेतलं.

आणि एक गोष्ट मी यादीत माझ्या हौसेनं घातली, रिकामा पाइप. पायवाट होईल तिच्या खालून, आडवा, दोन्ही तोंडं बंद केलेला, आत फक्त नायलॉनची दोरी ओवून ठेवलेली. त्यातून काय जाणार हे ठरलेलं नव्हतं. पुढं कधीतरी दिवा लावावासा वाटला, झाडांना पाण्याची नळी न्यावीशी वाटली, तर पायवाट फोडायला नको. दोरीला वायर बांधायची आणि पलीकडून ओढून घ्यायची. तो पाइप मी स्वतः चरात ठेवला, स्वतः वर माती लोटली. एवढी शांत खात्री मला दुसऱ्या कुठल्या कामानं दिलेली नाही. अप्पांना हे कुणी सांगितलं असतं तर, असं त्या दिवशी सारखं मनात येत राहिलं.

त्या तिरक्या आकड्याच्या रात्री मात्र मी चौकटीचा कागद घेऊन बसले आणि सगळी यादी पुन्हा बाणांनी मांडली. प्रत्येक काम एक गोल, आणि ज्याच्याशिवाय पुढचं सुरू होत नाही तिथून बाण. या पद्धतीला नाव आहे, क्रिटिकल पाथ मेथड. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ती बसवली, रासायनिक कारखान्यांच्या बांधकामासाठी आणि दुरुस्तीसाठी. शेवटाकडून उलटं मोजत यायचं आणि प्रत्येक कामाला किती सवड आहे ते काढायचं. ज्यांना शून्य सवड, ती कामं एक दिवस जरी रेंगाळली तरी सगळंच रेंगाळतं. बाकीची थोडी मागंपुढं झाली तरी चालतात. कारखाना असो की परस, बाण तसेच चालतात. माझ्या कागदावर पाण्याच्या चराला शून्य सवड होती. आणि सगळ्यात जास्त सवड कुणाला असेल, तर झोपाळ्याला. त्याच्यावरून काही जात नव्हतं, खालून काही जात नव्हतं, त्याच्यावाचून दुसरं कुठलंच काम अडत नव्हतं. बाणांच्या हिशेबानं तो शेवटी येणं अगदी बरोबर होतं.

मी तारखा घातल्या. या उन्हाळ्यात चर आणि शोषखड्डा. मग माती बसायला पावसाळा. पुढच्या वर्षी पायवाट आणि ओटा, त्यानंतर अवजारांची खोली, कुंपणाचा राहिलेला गाळा, वाफे. झोपाळ्यापाशी पोचेपर्यंत अडीच वर्षं झाली. सहा अधिक अडीच.

त्याच आठवड्यात आम्ही बागेत गेलो होतो. ती झोपाळ्यावर बसली आणि मी मागून ढकलायला गेले, तर तिचे बूट जमिनीला घासले. खर्र असा आवाज. गेल्या वर्षी याच फळीवर मीच तिला उचलून बसवत होते आणि तिचे पाय हवेत लोंबत होते. आता तिनं गुडघे पोटाशी घेतले आणि म्हणाली, 'ढकल.' मी ढकलत राहिले. झोपाळ्याला सवड आहे हे खरंच होतं. तिला किती आहे हे त्या कागदावर मी कुठं मांडलंच नव्हतं.

मिस्त्रींना विचारलं, झोपाळा आधी होईल का? मला वाटलं होतं ते हसतील किंवा वैतागतील. त्यांनी मूठभर फक्की घेतली आणि जमिनीवर आखायला लागले. झोपाळा नुसत्या खांबांएवढ्या जागेत मावत नाही. वरच्या आडव्या दांडीची जमिनीपासून जेवढी उंची, त्याच्या दुप्पट जागा पुढं मोकळी लागते आणि तेवढीच मागं; चालत्या झोपाळ्यावरून मूल उडी मारतं, पडतं, ते भिंतीवर किंवा दगडावर जाऊ नये. दांडी २.१ मीटरवर, म्हणजे ४.२ पुढं, ४.२ मागं. ८.४ मीटरचा पट्टा. झाडाच्या दोरीच्या आत खांबांचे खड्डे घ्यायचे नव्हते, मुळं तुटली असती. झाडालाच टांगावा, तर खालच्या जाड फांदीवर मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं आणि मान हलवली; आत पोकळ आवाज येत होता. उजवीकडे शोषखड्डा. फिरून फिरून फक्कीची रेघ एकाच जागी येत होती, परसाच्या मध्यावर, आणि तिथून पाइपाची तिरकी रेघ बरोबर एका खांबाखालून जात होती.

ते बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, 'पाइप वळवू. होईल. पण वळण तिथं चेंबर. आणि ते चेंबर तुम्हाला दरवर्षी उघडून साफ करावं लागेल.'

सरळ पाइपात गाळ सहसा पुढं ढकलला जातो. वळणावर पाणी मंदावतं आणि गाळ खाली बसतो. त्या एका वळणानं पाइपाची लांबी दोन-अडीच मीटर वाढणार होती, लांबी वाढली म्हणून उतार राखायला शोषखड्डा आणखी खोल न्यावा लागणार होता, आणि या सगळ्यात चराचं काम महिनाभर पुढं जाणार होतं. म्हणजे शून्य सवड असलेलं काम मी, सगळं कळत असताना, झोपाळ्यासाठी थांबवत होते. मला छिन्नीचा आवाज आठवला. अप्पांनीही दरवेळी असंच कुणाचं तरी तोंड पाहून काम पुढं घेतलं असेल का? पहिला ओटा त्यांनी केला तेव्हा आजी चालती-फिरती होती, आणि न्हाणी झाली तेव्हा नव्हती, हे त्या उकिडव्या बसलेल्या मिस्त्रींकडे पाहताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. ठिगळं मला तोंडपाठ होती, पण ती कुणासाठी पडली हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी हो म्हटलं.

खांबांचे खड्डे खणले, ओळंबा लावून खांब उभे केले, काँक्रीट ओतलं. मग लेकीला सांगावं लागलं की अजून बसता यायचं नाही. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं. निदान सात दिवस ते ओलं ठेवावं लागतं आणि त्याची खरी ताकद मोजतात ती २८ दिवसांनी. तिनं दारावरच्या कागदाच्या तळाशी २८ उभ्या रेघा मारल्या आणि रोज एक आडवी काट मारायला लागली. पहिले सात दिवस सकाळ-संध्याकाळ मग्गा घेऊन ती खांबांच्या बुडाशी पाणी घालायची, रोपाला घालावं तसं, हळूहळू, गोल फिरवत. नवव्या दिवशी तिनं काँक्रीटवर नख ओढून पाहिलं आणि मला सांगायला आली की आता ओरखडा उठत नाही. तरी थांबली. अठ्ठाविसावी काट तिनं शाळेला जायच्या आधी मारली आणि संध्याकाळपर्यंत धीर धरला, कारण दोर मी आल्यावर बांधणार होते.

त्या वर्षी आमच्या परसात दुसरं काहीही नव्हतं. उघडी बोडकी जमीन, मातीचे दोन ढीग, दोरी बांधलेलं झाड, आणि मधोमध झोपाळा. ती उंच जायची तेव्हा तिच्या टाचांची धूळ उन्हात सोनेरी दिसायची. मी दारात उभी राहून पाहायचे आणि त्याच वेळी आकाशाकडेही पाहायचे, कारण चर अजून अर्धाच खणला होता.

पाऊस आठवडाभर आधी आला. चराची एक बाजू रात्रीत ढासळली आणि पाइपात माती भरली. झोपाळ्याखाली पडली तर लागू नये म्हणून लाकडाच्या कपच्यांचा वीतभर जाड थर पसरला होता. पाण्याची वाट अजून झालेली नव्हती, त्यामुळं सगळ्या कपच्या तरंगत वाहत आल्या आणि मागच्या भिंतीशी, बरोबर त्या जुन्या जागी, गोल गोल फिरत राहिल्या. आतल्या भिंतीची ओल आणखी एक हात वर चढली. पाऊस थांबल्यावर जेसीबी आला, त्याला झोपाळ्याला वळसा घालून काम करावं लागलं, आणि मागं घेताना एका खांबाला पोचा पडला. तो अजून आहे. त्या दिवसांत मी नवऱ्याशी नीट बोलले नाही, मिस्त्रींवरही एकदा उगाच चिडले. रात्री भिंतीला हात लावून पाहायचे आणि वाटायचं, सगळं कळत असून मी हे केलं. आणि दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली की ती चिखलातून उड्या मारत झोपाळ्याकडे जायची, फळी बाहीनं पुसायची, आणि त्या उंच जाणाऱ्या पाठमोऱ्या वेणीकडे पाहताना मला त्या भिंतीचं काहीच वाटायचं नाही. दोन्ही खरं होतं. आजही त्यातलं एक दुसऱ्याला पुसून टाकत नाही.

पुढची कामं मात्र क्रमानं झाली. चर बुजवला, थर थर करून. पुढचा पावसाळा गेला, माती जिथं बसायची तिथं बसली, आणि पायवाट त्यावर झाली ती आजवर एका रेघेत आहे. ओटा झाला. ओटा बांधून झाल्यावर दोन वर्षांनी मला खरंच तिथं दिवा हवासा वाटला. रिकाम्या पाइपातली नायलॉनची दोरी ओढली आणि वायर सरसरत पलीकडे निघाली, एक फरशी न उचलता. मी तेव्हा अप्पांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'दोरी पुन्हा ओवून ठेवलीस का आत?' मी वायरीबरोबर दुसरी दोरी ओढून घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी घेतली.

अवजारांची खोली अजून झालेली नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर मी त्या वळणावरचं चेंबर उघडते. लोखंडी झाकण जड आहे, एकटीनं उचलत नाही. लेक आता बारा वर्षांची आहे, तिच्या हातात ताकद आली आहे. झोपाळ्यावर बसते ती कानाला हेडफोन लावून, पाय जमिनीवर टेकवून, इंचभर मागंपुढं. परवा तिला हाक मारली. दोघींनी मिळून झाकण बाजूला केलं. आतून गार, कुबट, ओल्या पानांचा वास आला. तळाशी वीतभर काळा गाळ, त्यात मुळांचे धागे, एक काच, आणि कुजून मऊ झालेल्या काही लाकडाच्या कपच्या. मी घमेलं घेतलं, ती थापीनं गाळ खरवडून देऊ लागली.

'हा पाइप सरळ का नाही नेला?' तिनं विचारलं. 'सरळ नेला असता तर हे करावंच लागलं नसतं.'

'तिथं खांब होता.'

तिनं मान वर करून पाहिलं. खांब, पोचा, दांडी, दोर. 'मग खांबच इकडे सरकवायचा ना,' ती म्हणाली, आणि पुन्हा वाकून गाळ काढू लागली. यादी, पेन्सिल, अठ्ठावीस काटा, यातलं तिला काहीच आठवत नव्हतं. मीही आठवण करून दिली नाही. तीन घमेली भरली. मी पाण्याची एक बादली वरून सोडली; पाणी वळणाशी क्षणभर अडखळलं, गोल फिरलं आणि पलीकडच्या तोंडात गेलं. आम्ही दोघी वाकून ते लांब जातानाचा आवाज ऐकत राहिलो.

'धर,' मी म्हटलं. झाकण दोन्ही बाजूंनी उचललं, जागेवर आणलं. 'आणि बोटं सांभाळ.'